धुक्यातला लाल त्रिकोण

(दृश्य: पसरणी घाट, जुलैची सकाळ. काचेवर वायपर, पुढे पांढरा पडदा.)

वाई सोडली की रस्ता चढायला लागतो. वाई समुद्रसपाटीपासून सुमारे 700 मीटरवर आहे, पाचगणी सुमारे 1,300 मीटरवर. पावसाळ्यात ही चढण चढताना गाडी मध्येच कुठेतरी ढगात शिरते. घाटातलं धुकं म्हणतात ते बहुतेक वेळा डोंगराला टेकलेला ढगच असतो, म्हणून ते हळूहळू दाटत नाही. एका वळणावर खाली धोम धरणाचं पाणी दिसतं आणि पुढच्या वळणावर बोनेटच्या पलीकडे काहीच दिसत नाही.

अशा वेळी बऱ्याच जणांचा हात डॅशबोर्डवरच्या लाल त्रिकोणाकडे जातो. चारी इंडिकेटर एकदम लुकलुकायला लागतात. कुणी याला पार्किंग लाइट म्हणतं, कुणी हॅझर्ड. बटण दाबणाऱ्याला वाटतं, आता मी मागच्याला दिसतो. दिसतो हे खरं, पण मागच्याला त्यातून कळतं ते वेगळंच.

चारी इंडिकेटर एकत्र लुकलुकणं म्हणजे ही गाडी उभी आहे किंवा रस्त्यात अडथळा झाली आहे. मागून येणारा ते बघून जोरात ब्रेक मारतो, नाहीतर गाडी उजवीकडे काढतो. पसरणीसारख्या दुहेरी वाहतुकीच्या रस्त्यावर उजवीकडे काढणं म्हणजे समोरून उतरणाऱ्या एसटीच्या वाटेत जाणं. याच्या उलट चूक जास्त घातक आहे. दहा चालत्या गाड्यांचे चारी इंडिकेटर बघून डोळा सरावला, की अकरावी खरोखर बंद पडलेली गाडीही चालतीच वाटते. ती उभी आहे हे उमगेपर्यंत थांबायला अंतर उरत नाही.

दुसरी अडचण दिव्याच्या उघडझापीतच आहे. इंडिकेटर मिनिटाला 60 ते 120 वेळा लुकलुकतो. मधला वेग, म्हणजे 90 वेळा, धरला तर प्रत्येक झपक्यात सुमारे तृतीयांश सेकंद दिवा विझलेला असतो. तेवढ्या वेळात ताशी 60 किलोमीटरने येणारी गाडी साडेपाच मीटर पुढे सरकते. समोरच्या गाडीपासूनचं अंतर कमी होतंय का, किती झपाट्याने होतंय, हे डोळा स्थिर दिव्यांवरून ओळखतो: दोन लाल ठिपके एकमेकांपासून लांब जाताना दिसले की आपण जवळ येतोय. ठिपकेच विझत-पेटत राहिले तर हा अंदाज चुकतो. चार दिव्यांच्या लुकलुकाटात ब्रेक लाइटही पटकन लक्षात येत नाही.

वळणावर तर अर्थच बदलतो. नागमोडी वळणात पुढच्या ट्रकची एकच बाजू दिसते, दुसरी डोंगराआड किंवा ट्रकच्याच हौद्याआड. मग हॅझर्डचा एकच दिवा दिसतो आणि तो उजव्या इंडिकेटरसारखा भासतो. आपल्याकडे ट्रकच्या उजव्या इंडिकेटरचे दोन अर्थ आधीच चालतात, ‘मी वळतोय’ आणि ‘तू पुढे जा’. धुक्यात हा गोंधळ जिवावर बेततो. शिवाय बहुतेक गाड्यांत हॅझर्ड चालू असताना इंडिकेटरची दांडी वर-खाली केली तरी बाहेर काही फरक पडत नाही. खरोखर वळायचं असेल तेव्हा ते सांगायची सोयच उरत नाही.

मग काय लावायचं? डिपरवर, म्हणजे झोत खाली ठेवून, हेडलाइट. त्याबरोबर मागचे लाल दिवे स्थिर पेटतात आणि मागच्याला हवं असतं ते हेच. हल्लीच्या बऱ्याच गाड्यांत दिवसा पुढचे पांढरे दिवे आपोआप लागतात आणि डॅशबोर्डही उजळलेला असतो. चालकाला वाटतं, लाइट चालू आहे. अनेक मॉडेलमध्ये मागची बाजू तेव्हा पूर्ण अंधारात असते. ऑटोवर ठेवलेल्या स्विचलाही पांढऱ्या धुक्यात दिवसाचा उजेडच जाणवतो. म्हणून घाट सुरू होण्याआधी एकदा खाली उतरून मागचे दिवे डोळ्यांनी बघा आणि फडक्याने पुसून घ्या. पावसातला चिखल शेपटीच्या दिव्यावर बसला की पाच वॅटच्या बल्बचा उजेड आतच राहतो.

अप्परला, म्हणजे हेडलाइटच्या वरच्या झोताला, हात लावू नका. धुक्याचा थेंबन् थेंब तो प्रकाश आपल्याच डोळ्यांकडे परत फेकतो आणि समोर भिंत उभी राहते. पुढचा फॉग लॅम्प खाली बसवलेला असतो, त्याचा झोत रुंद आणि वरून कापलेला असतो, म्हणून रस्त्याची कड दिसते. पिवळा दिवा धुकं भेदतो ही समजूत गॅरेजपासून चहाच्या टपरीपर्यंत सगळीकडे ऐकू येते. धुक्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा कितीतरी मोठे असतात, त्यामुळे पिवळा आणि पांढरा दोन्ही सारखेच विखुरतात. उपयोग होतो तो दिवा खाली असण्याचा आणि झोत कापलेला असण्याचा.

मागचा फॉग लॅम्प गाडीला असेल तर दाट धुक्यात तो जरूर लावा. तो साधारण 21 वॅटचा असतो, म्हणजे शेपटीच्या दिव्याच्या चौपट, आणि स्थिर लाल. पाचगणीच्या अलीकडे ढग विरळ झाला की लगेच बंद करा, कारण तो जवळजवळ ब्रेक लाइटइतकाच प्रखर असतो. चालूच राहिला तर मागच्याचे डोळे दिपतात आणि ब्रेक दाबल्याचं त्याला कळत नाही.

(दृश्य: पुणे-बेंगळुरू महामार्ग, खंबाटकी घाटाच्या पायथ्याशी. रस्त्याकडेचे दगड.)

किती दिसतंय हे मोजता येतं. महामार्गावर दोन किलोमीटर-दगडांच्या मध्ये दर 200 मीटरला छोटा दगड असतो, त्यावर 2, 4, 6, 8 असे आकडे. एका दगडाशी असताना पुढचा दिसत नसेल तर दृश्यता 200 मीटरच्या आत आहे. हवामान खातं याला दाट धुकं म्हणतं, आणि 50 मीटरच्या खाली अति दाट.

आता गाडी थांबायचं अंतर बघा. दीड सेकंद प्रतिक्रियेला आणि ओल्या रस्त्यावरची बेताची पकड धरली, तर ताशी 80 ला सुमारे 95 मीटर लागतात, 60 ला 60 मीटर, 40 ला 32 आणि 30 ला 21. उतारावर आणि गुळगुळीत टायरवर याहून जास्त. पन्नास मीटर दिसत असेल तर 40 ही वरची मर्यादा. महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरकडे किंवा पाटणहून कुंभार्ली घाटाने चिपळूणकडे उतरताना वीस मीटरही दिसेनासं होतं. तेव्हा ताशी 20 च्या खाली या, डाव्या पांढऱ्या पट्टीवर नजर ठेवा आणि खालच्या गिअरमध्ये उतरा. तेही जमत नसेल तर रस्त्याबाहेर सपाट जागा बघून थांबा.

याबाबत नियम सगळीकडे सारखे नाहीत. अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात 1 जुलै 2021 पासून अतिशय कमी दृश्यतेत चालत्या गाडीला हॅझर्ड लावायची मुभा मिळाली, पण ती ताशी 55 मैल, म्हणजे सुमारे 88 किलोमीटर किंवा त्याहून जास्त वेगमर्यादेच्या रस्त्यांपुरती. ब्रिटनचा हायवे कोड चालत्या गाडीला मनाई करतो. अपवाद एकच, वेगवान दुभाजकी रस्त्यावर पुढे अडथळा आहे हे मागच्याला क्षणभर सांगणं. आमच्या मते हा अपवाद खंबाटकीलाही लागू पडतो. पुढे गाड्यांची रांग अचानक थांबलेली दिसली तर ब्रेक दाबता दाबता त्रिकोण दाबा, आरशात मागचा हळू झालेला दिसला की बंद करा. पाच-दहा सेकंदांचं काम. बोगद्यात शिरताना मात्र त्याची गरज नाही, तिथे डिपरच. चौकात सरळ जायचंय म्हणून चारी इंडिकेटर लावणं हीसुद्धा चुकीची सवय आहे. सरळ जायला कोणताच इशारा लागत नाही.

त्रिकोणाच्या बटणाची खरी जागा आहे गाडी बंद पडल्यावर. गाडी शक्य तितकी डावीकडे, वळण सोडून घ्या. हॅझर्ड लावा, शेपटीचे दिवेही चालू ठेवा. हँडब्रेक ओढा, तोंड चढाकडे असेल तर पहिला गिअर, उताराकडे असेल तर रिव्हर्स. चाकाला दगड लावा आणि निघताना तो आठवणीने उचलून कडेला टाका. घाटात तसाच राहिलेला दगड रात्री मोटारसायकलवाल्याला पाडतो. परावर्तक त्रिकोण मागे किमान 50 मीटरवर, म्हणजे साधारण सत्तर पावलांवर ठेवा, महामार्गावर दुप्पट लांब. वळणाच्या पुढे बंद पडला असाल तर तो वळणाच्या अलीकडे ठेवायचा, नाहीतर दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. माणसांनी गाडीच्या मागे किंवा आत थांबू नये.

चार 21 वॅटचे बल्ब पेटलेले असताना सात अँपिअर घेतात, उघडझापीमुळे सरासरी साडेतीन. जुनी बॅटरी दोन-तीन तासांत सेल्फ मारायच्या लायकीची राहत नाही, म्हणून मदतीचा फोन आधीच करा.

(दृश्य: हिवाळा. कृष्णाकाठ, कराड ते सांगली. उसाच्या ट्रॉल्या.)

गळीत हंगामात धुकं खाली नदीकाठी उतरतं. पहाटे पाच ते आठ. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, वेग जेमतेम पंधरा-वीस. या गाडीला मागून येऊन धडकायचा धोका सगळ्यात जास्त, आणि तिचा हॅझर्ड असतो पुढे ट्रॅक्टरवर, उसाच्या मोळ्यांच्या आड. मागून तो दिसतच नाही. मागच्या ट्रॉलीची लाल परावर्तक पट्टीही धुक्यात अपुरी पडते. मागच्या गाडीचा प्रकाश पट्टीपर्यंत जाताना विखुरतो आणि परत येतानाही. तिथे स्वतः पेटणारा दिवा लागतो.

वायरिंग ट्रॅक्टरपासून दोन ट्रॉल्या पार करून मागे आणायचं म्हणजे प्रत्येक जोडावर पिना गंजतात आणि अर्थिंग सुटतं. त्यापेक्षा शेवटच्या ट्रॉलीच्या मागच्या फाळक्यावर बॅटरीवरचे दोन स्थिर लाल दिवे बांधावेत, दोन टोकांना एकेक, म्हणजे ट्रॉलीची रुंदी कळते. मोळ्या भरून झाल्या की मागे जाऊन बघायचं, लोंबणारं वाडं, म्हणजे उसाचा हिरवा शेंडा, दिव्यावर आलंय का. आलं असेल तर कोयत्याने छाटायचं. कारखान्याच्या गव्हाणीत ऊस टाकून परत निघताना दिवे आणि पट्टी दोन्ही पुसायची. रिकामी ट्रॉली अंधारात भरलेल्या ट्रॉलीपेक्षाही कमी दिसते.