वीस मिनिटांची नळी

(दृश्य : पाऊस, रात्र, ग्रामीण रुग्णालयाचा वॉर्ड)

कोकणात भातलावणी सुरू झाली की सर्पदंशाचे रुग्ण येऊ लागतात. या ताईंना बांधावर पायाला काहीतरी डसलं. साप दिसला नाही. आता सिस्टरांचे हात बघा.

आधी जोडवी आणि पैंजण उतरवले. सूज चढली की तेच पायात रुततात. मग सुजेच्या कडेवर पेनाची रेघ आणि शेजारी वेळ. सूज किती वेळात किती चढली, ते या रेघेवरून कळणार.

ही काचेची नळी. शिरेतलं दोन मिली ताजं रक्त तिच्यात घालायचं आणि वीस मिनिटं हात लावायचा नाही. नळी नवी, कोरडी आणि काचेचीच हवी. साबणाने धुतलेल्या किंवा प्लॅस्टिकच्या नळीत निरोगी माणसाचं रक्तही वेळेत गोठेलच असं नाही. वीस मिनिटं झाली. नळी एकदाच आडवी केली, आणि रक्त ओघळलं, म्हणजे गोठलंच नाही. घोणस किंवा फुरशाचं विष अंगात भिनलं आहे. वीज नाही, यंत्र नाही, तरी निदान हातात आलं.

डॉक्टरांनी एएसव्हीच्या, म्हणजे सर्पविषावरच्या औषधाच्या, दहा वायल (छोट्या बाटल्या) लिहून दिल्या. पावडरीत पाणी घालून सिस्टर वायल हलक्या हाताने फिरवतायत. जोरात हलवली तर फेस येतो. ट्रेमध्ये ॲड्रिनॅलिनची सिरिंज आधीच भरलेली. सलाईन सुरू झालं, तरी त्या खाटेपासून हलत नाहीत. अंगावर गांधी उठल्या, कापरं भरलं, तर औषध थांबवून ते इंजेक्शन तत्काळ द्यायचं असतं.

“ताई, वर बघा. माझ्या बोटाकडे. पापणी जड वाटतेय का?”

नाग किंवा मण्यार असता तर आधी पापण्या उतरल्या असत्या, मग श्वास मंदावला असता. मण्याराच्या दंशाची तर कित्येकदा खूणही दिसत नाही. पहाटे पोटात दुखतं म्हणून माणूस येतो, आणि अशा वेळी पापण्यांवर कोणाची नजर आहे, यावर सगळं अवलंबून असतं.

दर तासाला युरोबॅग, म्हणजे लघवीची पिशवी, बघितली जाते. लघवी किती झाली, रंग कसा आहे. घोणशीचं विष मूत्रपिंडावर जातं.

आज रात्रपाळीला सिस्टर एकच. पलीकडे बाळंतीण आहे. तिने हाक मारली, तर इथे कोण थांबणार? रात्री दुसरी सिस्टर मिळालीच पाहिजे, हे आम्ही ठामपणे म्हणतो.

पहाटे चारची नळीही गोठली नाही. डॉक्टरांना उठवलं, पुन्हा दहा वायल.

(दृश्य : सकाळ, पाळी बदलताना)

“सूज रेघेच्या दोन बोटं वर. लघवी भरपूर, रंग साफ. पापण्या ठीक. दहा वाजता परत नळी लाव, आणि नवीच घे गं.”

दहाची नळी गोठली. चौथ्या दिवशी ताई घरी गेल्या.