स्वतःसाठी शिवलेली वाकळ

(सारवलेल्या जमिनीवर हिरवे इरकली लुगडे पसरले जात आहे. कॅमेरा माळ्यावरून खाली पाहतो.)

हे लुगडे अक्कांच्या आईचे. त्यातून अक्का स्वतःसाठी वाकळ, म्हणजे जुन्या कापडांची गोधडी, शिवत आहेत. नऊ वारांच्या, म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपास भरणाऱ्या या कापडाचे अक्कांनी काल संध्याकाळी चार तुकडे केले. कात्री चालवण्यापूर्वी त्यांनी ते एकदा नेसून पाहिले होते. ते दृश्य आमच्याकडे नाही, कारण त्या वेळी आम्ही जांबोटीच्या रस्त्यावर वळवाच्या पावसात अडकून पडलो होतो.

इरकल हे गाव बागलकोट जिल्ह्यात आहे. तिथल्या लुगड्याचे अंग सुती आणि पदर रेशमी असतो, आणि अंगाचा ताणा, म्हणजे मागावरचे उभे धागे, व पदराचा ताणा एकमेकांत फासे अडकवून जोडलेले असतात. या जोडणीला टोपटेणी म्हणतात. आता कॅमेरा जवळ जातो आहे, तेव्हा पाहा: लुगड्याचे अंग जागोजागी विरले आहे, लाल पदराचा रंगही उतरला आहे, पण जिथे दोन ताणे मिळतात ती रेघ शाबूत आहे. अक्का त्या रेघेवरून बोट फिरवतात आणि पदराकडचा तुकडा बाजूला काढून ठेवतात. तो वर जाईल. एक तुकडा तळाला, आणि उरलेले दोन पोटात.

वाकळेच्या पोटात काय असते, हे सहसा कोणी पाहत नाही. या वाकळेच्या पोटात अक्कांच्या वडिलांचे धोतर आहे, शेजारच्या काकूंनी दिलेली सुती चादर आहे, मुलाचा आखूड झालेला सदरा उसवून सपाट केलेला आहे, आणि एक खणाची चोळी आहे, जिची नक्षी आता फक्त उजेडासमोर धरल्यावर दिसते. सासरच्या घरातले एकही कापड त्यात नाही. आम्ही त्याविषयी विचारले नाही आणि त्यांनीही सांगितले नाही.

(परडे. दोरीवर धुतलेली कापडे वाळत आहेत. मागे डोंगर.)

मलप्रभा नदी कणकुंबीला उगम पावते. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याच्या त्या पश्चिम पट्ट्यात पावसाळ्याचे चार महिने अंगावरचे कापडसुद्धा नीट वाळत नाही. त्यामुळे वाकळांचे काम निघते ते सुगी आटोपल्यावर, अंगणात ऊन तापू लागल्यावर. जुनी कापडे गरम पाण्यात रिठ्याने धुऊन दोन उन्हे खाऊ द्यायची. एखादे नवे कापड घालायचे असेल तर ते आधी दोनदा धुऊन आटवून घ्यायचे, नाहीतर पहिल्याच धुण्यात ते आखडते आणि अख्खी वाकळ गोळा होते. टेरिकॉट किंवा नायलॉन अक्का घेत नाहीत. ते घाम शोषत नाही, आणि थरांत घातले तर जागेवर राहत नाही.

अक्का हे त्यांचे नाव नव्हे. गल्लीतली लहान मुले त्यांना अशी हाक मारतात, आणि चित्रफितीत आपले नाव येऊ नये अशी त्यांची इच्छा असल्याने आम्हीही तेच वापरत आहोत. सासरी त्यांनी १९ वर्षे काढली. त्या काळात शिवलेल्या वाकळा त्यांनी आमच्यासमोर बोटांच्या पेरांवर मोजल्या. सासऱ्यांची जाड वाकळ, सासूबाईंची, प्रत्येक नणंदेच्या बाळंतपणातली दुपटी आणि कुंच्या, दिराच्या लग्नाला पाहुण्यांसाठी घाईने शिवलेल्या पाच. दोन्ही हातांची पेरे पुरली नाहीत. वर कोणते कापड घालायचे आणि गोट कोणत्या रंगाचा लावायचा हे प्रत्येक वेळी दुसऱ्याने ठरवले होते. स्वतःच्या नावाची वाकळ त्या मोजणीत एकही आली नाही.

घटस्फोट परस्पर संमतीने झाला. हिंदू विवाह कायद्यात १९७६ साली आलेल्या कलम १३-ब प्रमाणे पहिला अर्ज आणि दुसरा अर्ज यांच्यामध्ये किमान सहा महिने जावे लागतात. न्यायालय ही मुदत माफ करू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली स्पष्ट केले आहे, पण अक्कांच्या वाट्याला ते सहा महिने पुरते आले. कागद कानडीत होते. वकिलांनी ते मराठीत समजावून सांगितले आणि अक्कांनी खाली मराठीत सही केली. मधल्या सहा महिन्यांत करायचे काय, हा प्रश्न होता. बाहेर पडले की माणसे विचारत, आणि घरात बसले की भिंती दिसत. अशा एका दुपारी त्यांनी माहेरच्या माळ्यावरची आईची ट्रंक उघडली.

(चार कोपऱ्यांवर चार वजने: वरवंटा, दोन दगड, पितळेचा तांब्या.)

आता जे काम दिसते आहे त्यावर आम्ही सर्वाधिक वेळ चित्रीकरण केले, आणि ते कापून लहान करावे असे आम्हाला वाटले नाही.

सगळे थर एकावर एक बसले की चारही कोपऱ्यांवर वजन ठेवायचे. मग ओल्या तळहाताने मधून कडेकडे कापड सारत न्यायचे, म्हणजे एकाही थरात चूण राहत नाही. हे सारणे अक्का तीनदा करतात. त्यानंतर येतात कच्चे टाके, हातभर अंतरावर घातलेले, लांब आणि सैल, जे शेवटी उसवून टाकायचे असतात. त्यांचे काम एवढेच की पक्की शिवण चालू असताना आतला एखादा थर सरकू नये. शिकाऊ बायका इथेच घाई करतात, असे अक्का सांगतात, आणि ते बोलताना त्यांच्या आवाजात जो ठामपणा आहे तो आम्ही दुसऱ्या कोणत्याही विषयावर ऐकला नाही.

पक्का टाका म्हणजे साधा धावदोरा. दुहेरी दोरा मेणावरून ओढून घेतलेला, गाठ थरांच्या आत दडवलेली, आणि सुई कडेने निघून आत आत येणारी. अक्का वाकळेवरच बसतात. उजवा हात वरून सुई घालतो आणि डावा हात खालून तिची वाट पाहतो. डाव्या हाताच्या मधल्या बोटाच्या टोकाला जे बारीक काळे ठिपके दिसत आहेत ते सुईचे आहेत. अंगुस्तान त्यांच्याकडे आहे, पण खालच्या बोटाला त्या ते लावत नाहीत, कारण सुई सर्व थरांतून पार झाली की नाही हे त्या बोटालाच कळावे लागते. एक फेरी पूर्ण झाली की एक बोट आत सरकायचे आणि दुसरी फेरी धरायची. लुगड्याच्या पन्ह्याइतकी रुंद आणि दोन मीटर लांब अशा या वाकळेत, दोन ओळींमध्ये बोटभर अंतर धरले, तर सव्वाशे मीटरच्या जवळपास शिवण होते. टाका आणि टाक्यामागची मोकळी जागा मिळून एक सेंटीमीटर मानला तर बारा हजारांच्या आसपास टाके पडतात. हा हिशोब आम्ही केला. अक्कांनी तो ऐकून घेतला आणि सुईत नवा दोरा ओवला.

यंत्रावर हे काम एका दिवसात होते, हे खरे आहे. पण यंत्राची शिवण वरचा दोरा आणि खालचा दोरा यांची पकड घालून सगळे थर दाबून टाकते. हाताचा धावदोरा एकच असतो, तो वरखाली जात थरांना जवळ आणतो, पण आवळत नाही. थरांमध्ये हवा राहते, आणि थंडीत जी ऊब लागते ती बरीचशी त्या हवेची असते. शहरातल्या एका दुकानदाराने अक्कांची वाकळ उलटसुलट पाहून तिला चिंध्यांचा भाव सांगितला होता. त्यांनी ती घडी करून परत आणली. आमच्या मते त्यांनी योग्य केले. बारा हजार टाक्यांचा भाव जुन्या कापडाच्या वजनावर ठरत नाही, आणि सीमाभागातल्या बायकांच्या या हातकामाला आजवर तसाच भाव मिळत आला आहे.

(दारात दुसरी एक बाई कापडांचे गाठोडे घेऊन उभी आहे. दोघींचे कानडी-मराठी बोलणे ऐकू येते.)

मराठी घरात जी वाकळ, तीच पलीकडच्या कानडी घरात कौदी. या दोघींना एकमेकींचा शब्द येतो आणि दोघीही बोलताना आपला सोडून समोरचीचा वापरतात, हे आम्हाला चित्रीकरण पाहताना लक्षात आले. खानापूरला लागून असलेल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात, हल्याळ आणि यल्लापूर भागातल्या सिद्दी समाजाच्या बायका अशीच गोधडी शिवतात. तीसुद्धा कडेपासून आत येणाऱ्या शिवणीची असते, आणि तिच्या चारही कोपऱ्यांवर कापडाच्या घड्यांची फुले बसवलेली असतात. अक्कांनी ती एकदा पाहिली आहे, आणि यंदा एका कोपऱ्याला तसे फूल लावायचे त्यांनी ठरवले आहे. ते चौथ्या प्रयत्नात जमले.

(पहाट. चुलीवर गवती चहा. मग बसचा थांबा.)

अक्कांची सकाळ आम्ही त्यांना न सांगता टिपली आणि नंतर दाखवून परवानगी घेतली. त्या चहा करतात आणि पायरीवर बसून तो संपेपर्यंत दुसरे काहीही करीत नाहीत. मग अबोलीला पाणी घालतात. मग तांदळाची भाकरी, आणि सोबत त्या दिवशी जे खावेसे वाटेल ते. सासरी चहा ओट्याजवळ उभ्याने प्यायचा असे, तोही सगळ्यांचा झाल्यावर. एवढे एकच वाक्य त्या जुन्या दिवसांविषयी आपणहून बोलल्या.

महिन्यातून एकदा त्या बेळगावला जातात. ११ जून २०२३ पासून कर्नाटकात शक्ती योजनेखाली राज्यातल्या महिलांना साध्या सरकारी बसमध्ये भाडे पडत नाही. वाहक शून्य रुपयांचे तिकीट फाडून देतो. सीमेपलीकडे महाराष्ट्राच्या एसटीत निम्मे तिकीट असते, तेव्हा चंदगडच्या मावशीकडे जायचे तर पैसे मोडावे लागतात, आणि बेळगावला मात्र हात हलवत जाता येते. सासरी असताना बेळगावला जायचे म्हणजे आधी कारण सांगावे लागे आणि मग पैसे मागावे लागत. आता त्या खडेबाजारात दोऱ्याची रिळे निवडतात. पडद्यावर त्यांनी पाच रंग बाजूला काढले आहेत. त्यांनी घेतला तो सहावा, गर्द जांभळा. हिरव्या इरकलीवर जांभळा दोरा कोणी घालत नाही, असे दुकानातल्या बाईंनी त्यांना सांगितले. त्यांनी दोन रिळे घेतली.

मुलगा वडिलांकडे राहून शिकतो आणि सुट्टीत येतो. घरखर्च वाकळांची कामे आणि भावाची मदत यांवर चालतो, आणि काही महिने तो पुरत नाही.

(सुट्टीत आलेला मुलगा अपुऱ्या वाकळेच्या एका टोकावर झोपला आहे. अक्का दुसऱ्या टोकाला शिवत आहेत. हे दृश्य लांब ठेवावे.)

(शेवटचा कोपरा. कच्चे टाके उसवून झाले आहेत.)

कडेला गोट लागला आहे. तो खणाच्या कापडाचा आहे. आता एकच कोपरा उघडा राहिला आहे आणि अक्का ताटलीतून भाकरीचा एक लहान तुकडा उचलतात. त्यांची आजी शेवटचा टाका घालण्यापूर्वी वाकळेच्या कोपऱ्यात असा तुकडा ठेवीत असे. वाकळ उपाशी ठेवू नये, असे ती म्हणे. सासरी शिवलेल्या प्रत्येक वाकळेत अक्कांनी तो तुकडा ठेवला होता, आणि या वाकळेत तो ठेवताना त्यांचा हात थोडा थांबतो. त्यांनी आम्हाला सांगितले की त्या वेळी आई आठवली. मग सुई आत जाते, दोरा ओढला जातो, गाठ थरांत दडते आणि त्या दोरा दातांनी तोडतात.

वाकळ झटकून, पायरीवरच्या उन्हात अर्धा तास टाकून, अक्का ती आत घेतात. आम्हाला वाटले होते की त्या ती घडी घालून ट्रंकेत ठेवतील. भर दुपार होती, बाहेर उकाडा होता, आणि पांघरूण घेण्याची काहीच गरज नव्हती.

(अक्का सोप्यात आडव्या होतात आणि वाकळ छातीपर्यंत ओढून घेतात. अडीच वाजले आहेत. त्या झोपतात. हिरव्या कापडावर जांभळे टाके श्वासाबरोबर वरखाली होतात. इथून पुढे निवेदन आणि संगीत ठेवू नये; परड्यातला पक्ष्यांचा आवाज तसाच ऐकू यावा.)