ताडगोळा: 90 टक्के पाणी, आणि उरलेलं काय?

[दृश्य: डहाणूच्या बाजूचा एक बांध. सकाळचं कोवळं ऊन. कॅमेरा खोडावरून वर सरकतो.]

वर बघा. अजून वर.

उंच माणसाला आपण 'ताडमाड' म्हणतो, ते उगाच नाही. हे झाड शंभर फुटांपर्यंत जातं. मधे एक फांदी नाही, आणि खायचं ते सगळं शेंड्याला. कमरेला दोर, मागे कोयता अडकवून माणूस चढतो, घड तोडतो, उतरतो आणि पुढच्या झाडाला लागतो. रस्त्याकडेला डझनाच्या भावावरून आपली घासाघीस चालते, तेव्हा ही चढण आपल्या डोळ्यांसमोर नसते.

ताडात नर वेगळा, मादी वेगळी. फळं फक्त मादीला. रोप नराचं की मादीचं, हे फुलोरा आल्याशिवाय कळत नाही, आणि त्याला 12-15 वर्षं, कधी त्याहून जास्तही लागतात. मुद्दाम ताड लावणारा शेतकरी त्यामुळेच विरळा. बांधावरचे हे ताड बहुतेक आपले आपणच उगवलेले.

[दृश्य: काळसर जांभळं फळ. कोयत्याचे दोन-तीन घाव. आत तीन पांढुरके डोळे.]

एका फळात साधारण तीन गोळे. अंगठा खुपसून जागेवरच पाणी चोखायचं, ही गावातल्या पोरांची पद्धत. शहरात तो सोलून, पळसाच्या नाहीतर केळीच्या पानावर मांडून मिळतो. थलथलीत, अर्धपारदर्शक, चव जेमतेम गोड.

आपण खातो तो भाग म्हणजे कोवळी बी. शहाळ्यातलं पाणी आणि मलई बीच्या पोटात असते, तसंच हेही. उद्या जन्माला येणाऱ्या रोपासाठी झाडाने बांधून दिलेली ही शिदोरी. कोवळेपणी ती पाणीदार असते, आणि तिला थलथलीतपणा येतो तो गॅलॅक्टोमॅनन नावाच्या कर्बोदकामुळे. आइस्क्रीम दाट करायला गवारीच्या बियांची जी पूड वापरतात, ती याच जातकुळीतली. बी जून होत जाते तसा हाच गर घट्ट होतो, आणि शेवटी दगडासारखा कडक. मार्च ते मे ही ताडगोळ्यांची खरी वेळ. कोवळेपणाचे दिवस तेवढेच.

मग अंगाला लागतं काय?

मुख्य म्हणजे पाणी, जवळजवळ 90 टक्के. थोडी साखर, थोडं पोटॅशियम, थोडं कॅल्शियम, ब आणि क जीवनसत्त्वं किंचित. स्निग्धांश जवळपास नाहीच. आंब्याच्या फोडींपेक्षा उष्मांक कमी, त्यामुळे मे महिन्यात जेवण जात नसलं तरी चार ताडगोळे सहज जातात आणि पोट जड होत नाही. इतकं साधं गणित आहे. पण मोबाइलवर फिरणाऱ्या संदेशांना ते पुरत नाही. तिथे ताडगोळा कर्करोगापासून मधुमेहापर्यंत सगळं बरं करतो. तो काहीही बरं करत नाही. मधुमेह असलेल्यांना तो इतर गोड फळांपेक्षा सोयीचा वाटू शकतो, पण साखर त्यातही आहे, तेव्हा मोजून खावा.

उन्हाबद्दलही एक गोष्ट सांगायला हवी. घामातून पाण्याबरोबर मीठही जातं, आणि ताडगोळ्यात मीठ नावापुरतंच. तहान भागवायला तो उत्तम. पण ऊन लागून चक्कर येत असेल, उलट्या होत असतील, तर ओआरएस द्यायचं आणि दवाखाना गाठायचा. ताडगोळ्यावर भागत नाही.

[दृश्य: एक आजी ताडगोळा सोलते, नातवाच्या पाठीवर पाणी चोळते.]

आतली पिवळसर साल तुरट लागते. तो तुरटपणा टॅनिनचा. काहीजण सालीसकट खातात, तेवढाच जरा चोथा पोटात जातो. घामोळ्यांवर ताडगोळ्याचं पाणी चोळायची पद्धत तर घरोघरी. गार वाटतं हे मात्र खरं, आणि भर दुपारी घामोळं आलेल्या पोराला तेवढंही पुरतं.

कोवळं फळ खाऊन आपण थांबतो. इतर ठिकाणी लोक पुढे जातात. तमिळनाडूत ताड हा राज्यवृक्षच, तिथे याला 'नुंगू' म्हणतात. बंगालात फळ पिकू देतात, त्याचा केशरी गर काढतात आणि जन्माष्टमीला त्याचे वडे तळतात. त्या केशरी रंगात कॅरोटीन असतं, म्हणजे अ जीवनसत्त्वाचा कच्चा माल. कडवटपणाही असतो, म्हणून गर गाळून, आटवून घ्यावा लागतो. श्रीलंकेत जाफन्याला बी मातीत पुरून तिचा कोंब कंदासारखा खणून काढतात, वाळवतात, दळतात आणि त्या पिठाचं मासे घालून दाट कढण करतात.

आपल्याकडे फळाइतकाच मान रसाचा. पहाटेची गोड ती नीरा, ऊन चढल्यावर आंबलेली ती ताडी. मडक्याला आतून चुना लावला की आंबणं लांबतं. पिढ्यान्‌पिढ्या हे काम केलं ते भंडारी समाजाने. आता झाडं उभी आहेत, चढणारे कमी झालेत.

[दृश्य: रस्त्याकडेची टोपली. दुपार.]

घेताना सोललेले, बर्फावर ठेवलेले घेऊ नका. बर्फ कुठल्या पाण्याचा, ते आपल्याला ठाऊक नसतं. समोर फोडून मागा. बोटाने दाबल्यावर दबला तर कोवळा. टणक लागला तर तो जून, दाताला चिवट आणि पोटाला जड. घरी नेलात तर त्याच दिवशी संपवा.

कोवळेपणी तोडायची राहून गेलेली फळं झाडावरच पिकतात. मग बांधावर गळून पडतात. पावसाळ्यात त्यांतल्याच एखाद्याला कोंब फुटतो. नर की मादी, ते कळायला मात्र अजून 12-15 वर्षं.