घोडी आणि खरक

नमस्कार मंडळी. मला दहा मिनिटं दिली आहेत आणि त्यातली दोन तुम्हाला चहाच्या रांगेतून आत आणण्यात गेली. म्हणून थेट तानपुऱ्यावर येते.

गेल्या हिवाळ्यात आपल्या मंडळाच्या तानपुऱ्याच्या भोपळ्याला तडा गेला. मिरजेचा तानपुरा, इथली कोरडी थंडी, दुसरं काय होणार? इथल्या एका वाद्यांच्या दुकानात नेला, तर त्यांनी भोपळा पाहून हात जोडले. शेवटी ऑफिसातला एक इराणी सहकारी म्हणाला, ‘आमच्याकडे घेऊन ये.’

‘आमच्याकडे’ म्हणजे एका चर्चचं तळघर. दर शनिवारी तिथे वीस-पंचवीस इराणी जमतात. एका टेबलावर खातमकारी चालते. लाकडाच्या, हाडाच्या आणि पितळेच्या बारीक त्रिकोणी काड्या डिंकाने जोडून त्यांची जुडी बांधायची, ती आडवी कापायची आणि त्या पातळ चकत्या पेटीवर चिकटवायच्या. नखाएवढ्या जागेत अख्खी चांदणी उमटते. शाळकरी पोरं मान खाली घालून ते करत होती, आणि फोन खिशात होते, हे विशेष!

दुसऱ्या कोपऱ्यात संतूर. इराणी संतूरला ७२ तारा असतात. तारा ज्यावर टेकतात त्या लाकडी ठोकळ्याला घोडी म्हणतात; एकेका घोडीवर चार, अशा अठरा घोड्या. तिथले उस्ताद तारा लावत होते. माझा एक चहा संपला, दुसरा संपला, तरी लावतच होते. घोडीला फारसीत काय म्हणतात, विचारलं. ‘खरक’, म्हणाले. म्हणजे छोटं गाढव. आमच्याकडे घोडी म्हणतात, असं सांगितल्यावर पोट धरून हसले. ‘तुम्ही श्रीमंत माणसं!’

मग शब्दांचा खेळच सुरू झाला. सतारीचा पडदा त्यांच्याकडेही पडदाच. त्यांचं सेतार नावाचं वाद्य आहे; सेतार म्हणजे तीन तारा, पण आज त्यावर चार असतात. चौथी मागाहून आली. आपल्या शाहिराच्या हातातला डफ तिथे ‘दफ’ होऊन भिंतीला टांगलेला, आतल्या बाजूने कड्या लावलेला. महाराजांनी दरबारातले फारसी शब्द काढायला राजव्यवहारकोश करवून घेतला खरा, पण डफ, पडदा, कारागीर आणि खुद्द शाहीर आपल्याकडेच राहिले. मिरजेत सतारी घडवणारे मूळचे शिकलगार, हत्यारांना धार लावणारे; त्या नावातला ‘गार’सुद्धा फारसीच. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, हे सांगितल्यावर उस्तादांनी तानपुरा पुन्हा एकदा उलटून पाहिला.

त्या दिवशी साठीच्या एक बाई सगळ्यांसमोर एकट्या गायल्या. पुरुष बसलेले, मुलं बसलेली. १९७९ च्या क्रांतीनंतर इराणमध्ये बाईने पुरुषांसमोर एकटीने जाहीर गाण्यावर बंदी आली. सरकारी टीव्हीवर वाद्यसुद्धा सहसा दाखवत नाहीत. गाणं ऐकू येतं आणि पडद्यावर फुलं दिसतात. त्यामुळे या तळघराचं मोल मला तिथे बसल्यावर कळलं. त्यांची ‘रदीफ’ म्हणजे सुरावटींचा जुना साठा. युनेस्कोने २००९ मध्ये तिला मानवतेच्या वारशाच्या यादीत घेतलं. ती शिकायची पद्धत मात्र अजून ‘सीना ब सीना’, छातीतून छातीत. उस्ताद एक ओळ वाजवतात, मुलगी तीच वाजवते. चुकली की पुन्हा. आपल्या गुरुमुखी विद्येहून वेगळं काही नाही.

आता थोडं टोचणारं बोलते, रागावू नका. आपण पुण्या-मुंबईहून कलाकार आणतो, हॉल भरतो, फोटो काढतो, बटाटेवडे खाऊन घरी जातो. त्यांचा नवरोजचा कार्यक्रम आपल्या गणपतीपुढे किरकोळ आहे. पण आपल्याकडे चाळीस वर्षांत एकही वस्तू घडलेली नाही. मखरसुद्धा आपण ऑनलाइन मागवतो.

असो. तो तानपुरा माझ्या उजवीकडे उभा आहे. तडा बुजला आहे, उस्तादांनी पैसे घेतले नाहीत. पण जवारी, म्हणजे घोडी नीट घासली की तारेला येणारा तो गुंजणारा झंकार, बसलेली नाही. तार छेडली की ‘ठण्ण’ वाजते. ते म्हणाले, ‘हे माझं काम नाही, तुमच्या माणसाने करावं. मला बघायचंय.’ तीनदा विचारून झालंय त्यांचं.

तर, आपल्यात कुणाला घोडी घासून जवारी काढता येत असेल, किंवा आजोबांना, काकांना काढताना नीट पाहिलं असेल, तर जेवणाच्या रांगेत मला गाठा. येत्या शनिवारी दोन वाजता जायचंय. कानस मी आणते.