खर्डा ते असई

२३ सप्टेंबर १८०३. जालना जिल्ह्यातली केळना नदी. वाटाडे म्हणतात, जवळपास उतार नाही. पण इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीला दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावं दिसतात. इतकी जवळ गावं, म्हणजे इकडून तिकडे माणसांची ये-जा असणारच! तो फौज तिकडे वळवतो. उतार सापडतो, आणि असईच्या रानात शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढाई जुंपते.

इंग्रज इथवर पोचले कसे? त्यासाठी आठ वर्षं मागे, मराठवाड्याच्या वेशीवरच्या खर्ड्याला जायला हवं.

मार्च १७९५. पेशवे, शिंदे, होळकर, भोसले, पटवर्धन, सगळे एकत्र. असं पुन्हा कधी घडलं नाही. समोर हैदराबादचा निजाम अली. त्याला इंग्रजांच्या मदतीची आशा होती. गव्हर्नर जनरल जॉन शोअर तटस्थ राहिला. निजाम खर्ड्याच्या गढीत कोंडला गेला. दौलताबादचा किल्ला गेला, चौथाईच्या थकबाकीपोटी कोट्यवधी रुपये कबूल करावे लागले, दिवाण मुशीर-उल-मुल्कही पुण्याच्या हवाली करावा लागला.

पुण्याचा आनंद रास्तच होता. पण हरलेल्या शेजाऱ्याला सांभाळून घ्यायला हवं होतं, असं मला मनापासून वाटतं. त्याच वर्षी सवाई माधवराव गेले आणि दरबार वारसाच्या वादात अडकला. निजामाने आधी रेमंड या फ्रेंच अधिकाऱ्याच्या पलटणी वाढवल्या. मग १७९८ मध्ये आर्थरचा थोरला भाऊ, नवा गव्हर्नर जनरल रिचर्ड वेलस्ली, याच्याशी तह करून तैनाती फौज पत्करली. फ्रेंच पलटणी मोडल्या. फौजेचा खर्च निजामाचा, हुकूम इंग्रजांचा! १८०२ च्या अखेरीस, होळकरांकडून हरलेल्या दुसऱ्या बाजीरावानेही वसईला तसाच तह केला.

असईच्या दोन दिवस आधी बदनापुरात वेलस्लीला भेटलेला कर्नल स्टीव्हन्सन हैदराबादची हीच तैनाती फौज घेऊन आला होता. ती प्रत्यक्ष लढाईला पोचली नाही. मराठी तोफांनी जबर मारा केला. इंग्रजांकडचे मेलेले-जखमी दीड हजारांवर गेले. तरी मैदान वेलस्लीने मारलं.

डिसेंबरात भोसल्यांनी देवगावला, शिंद्यांनी सुर्जी-अंजनगावला वेगवेगळे तह केले. यशवंतराव होळकर या युद्धात उतरलेच नव्हते. १८०४ मध्ये ते इंग्रजांशी लढायला उभे राहिले, तेव्हा शिंदे तहाने बांधलेले होते.