दोन ट्यूब आणि वर्धा रोडचा पूल

बसा बसा, पंख्याखाली जागा आहे अजून. तर मागच्या आठवड्यात एका पोराचं चित्र पाहिलं, वर्धा रोडचा डबल डेकर पूल, वर मेट्रो, मधे फ्लायओव्हर, खाली आपला रस्ता. ३.१४ किलोमीटरचा पूल आहे तो, पर्स्पेक्टिव्ह, म्हणजे कागदावर जवळ-लांब दाखवणं, शिकायला नागपुरात याच्याहून चांगलं मॉडेल मला तरी सापडलं नाही. आणि पोरानं रेषा एकदम बरोबर काढल्या होत्या, मानलं. पुलाच्या कडा डोळ्याच्या वर म्हणून लांब जाताना खाली उतरतात, रस्त्याच्या कडा डोळ्याच्या खाली म्हणून वर चढतात, आणि सगळ्या क्षितिजरेषेवर, म्हणजे डोळ्याच्या उंचीवरच्या रेषेवर, एकाच व्हॅनिशिंग पॉइंटात जाऊन भेटतात. उभी माणसंही बरोबर, जवळचा असो की लांबचा, डोकी साधारण त्याच रेषेवर, फक्त पाय वर सरकत जातात. तरी चित्र चपटं!

का, तर शेवटच्या पिलरपाशी एक होर्डिंग होतं, ट्यूबमधून सरळ दाबून काढलेलं लाल. रेषा म्हणून राहिली मी लांब आहे, रंग म्हणून राहिला मी इथंच आहे, आणि अशा भांडणात डोळा रंगाचंच ऐकतो.

मी त्याची बारा रंगांची पेटी बंद केली. अल्ट्रामरीन म्हणजे गडद निळा आणि बर्न्ट सिएना म्हणजे तांबूस तपकिरी, बस, वॉटरकलर आहे तर पांढरा कागदाचाच. हे दोन घट्ट मिसळले की जवळपास काळा मिळतो, सिएना जास्त झाला तर गरम, निळा जास्त झाला तर थंड, आणि पाणी वाढवत नेलं की करड्याच्या कितीतरी छटा. लोकांना वाटतं ही गरिबी आहे. स्वीडनचा चित्रकार आंद्रेस झॉर्न, १८६० ते १९२०, त्याच्या नावानं ओळखली जाणारी पॅलेट चारच रंगांची आहे, यलो ओकर म्हणजे मातकट पिवळा, व्हर्मिलियन म्हणजे शेंदरी लाल, काळा, पांढरा. निळा नाहीच! काळ्यात पांढरा घातला की शेजारच्या लालपिवळ्यामुळे तोच निळसर दिसतो.

आता सगळ्यात जास्त चुकतं ते सांगतो. पुस्तकात असतं, लांबचं निळं करा. डोंगराच्या हवेत, पाऊस पडून गेल्यावर, ठीक आहे. पण मे महिन्यात ४५ डिग्रीत, दुपारी फुटाळा तलावाच्या काठावर उभं राहून बघा ना, पलीकडचं काय निळं दिसते का बे? धुळीनं पिवळट, पांढुरकं दिसते. म्हणजे निळेपणापेक्षा फिकेपणा महत्त्वाचा, उजेड आणि सावलीतला फरक कमी कमी होत जातो. म्हणून सगळ्यात गडद गडद आणि कोरा कागद, दोन्ही पहिल्या पिलरपाशीच खर्च करा. शेवटच्या पिलरला उरलंच नाही पाहिजे काही.

आणि हो, त्या चित्रातली संत्र्याची गाडी. पोरगं म्हणे सर, ऑरेंज तर नाही. पातळ सिएना लाव म्हटलं, आणि भोवती निळसर करडा. संत्री दिसली! फ्रान्समध्ये शेव्रल म्हणून केमिस्ट होता, गालिच्यांच्या कारखान्यात रंगाई बघायचा, तिथं काळा फिका पडतो अशी तक्रार आली तर रंग चांगलाच निघाला, दोष शेजारच्या रंगांचा होता. त्यावर त्यानं १८३९ मध्ये अख्खं पुस्तक काढलं.

चला, क्वार्टर शीट काढा. आधी पेन्सिलनं क्षितिजरेषा. दोन ट्यूब बाहेर, बाकीच्या पेट्या इकडे टेबलावर आणून ठेवा, जाताना घेऊन जा.