खडीचा रस्ता आणि सायकलची झीज

श्रोतेहो, नमस्कार.

पाऊस सरला की घाटरस्त्यांवर रोडसायकली दिसू लागतात, आणि रस्त्यांची चाळण झालेली असते ती नेमकी तेव्हाच. डांबर गेलेलं, खडी सुटलेली, खड्ड्यांत मुरूम ओतलेला. खड्डा दिसला की आपण ब्रेक दाबतो. धूळ मात्र कुणाला दिसत नाही, आणि सायकल जास्त खाते ती धूळच.

चेनला तेलानं न्हाऊ घातलं की काम झालं, असं पुष्कळांना वाटतं. त्या तेलात मुरमाची बारीक पूड कालवली जाते आणि सहाणेवर चंदन उगाळावं तशी प्रत्येक पिन आतून उगाळली जाते. लोक म्हणतात, चेन ताणली. अहो, लोखंड कुठलं ताणतंय! शंभराहून अधिक पिना, प्रत्येकीची केसभर झीज, तिची ती बेरीज. तपासायला साधी लोखंडी फूटपट्टी पुरते. एका पिनेचा मध्य शून्यावर धरा. एका पिनेपासून दुसरी अर्ध्या इंचावर असते, म्हणून पुढची चोविसावी पिन बरोबर १२ इंचांवर यायला हवी. अर्धं सूत, म्हणजे इंचाचा सोळावा भाग, पुढे सरकली असेल तर चेन बदला. पुरतं एक सूत सरकली, तर कॅसेटचे, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चक्रांचे, दातेही गेले समजा. त्यांच्यावर नवी चेन घसरते. कॅसेटच्या मानानं चेन बरीच स्वस्त पडते, हे दुकानात भाव विचारलात की कळेलच.

तेल एकेका रोलरवर, म्हणजे पिनेभोवतीच्या फिरत्या नळीवर, थेंबभर, तेही रात्री. सकाळी बाहेरचं सगळं कोरड्या फडक्यानं पुसून काढायचं. आणि गाड्या धुतात त्या प्रेशरच्या फवाऱ्याखाली सायकल धरू नका. चाकाच्या मधल्या तुंब्यातलं, म्हणजे हबमधलं, ग्रीस जातं आणि छर्र्यांत पाणी शिरतं.

आता टायर. उत्तर फ्रान्समध्ये १८९६ पासून पॅरिस-रूबे ही शर्यत होते. अडीचशेहून अधिक किलोमीटर, त्यातले सुमारे ५५ ओबडधोबड दगडी फरसाचे. एकेकाळी रस्त्याच्या शर्यतींत २३ मिलिमीटरचे टायर दगडासारखे टणक फुगवायची पद्धत होती. आज तिथं ३० आणि त्याहून रुंद टायर, तेही कमी हवेवर धावतात. खडबडीवर टणक टायर उड्या मारतो, त्यात वेगही जातो आणि हादरा थेट रिमला, स्पोकना बसतो. आपल्याकडे अजून अंगठ्यानं दाबून ‘अजून थोडी भरा’ म्हणणारे आहेतच! फ्रेममध्ये जागा असेल तर २८ चा टायर घाला आणि हवा उतरवा. पण फार नको, नाहीतर खड्ड्याच्या कडेवर ट्यूब रिममध्ये चिमटते आणि दोन भोकांचं पंक्चर होतं.

स्पोक एका दणक्यानं क्वचितच तुटतो. चाक फिरताना तो दर फेरीला सैल-ताठ होत राहतो आणि वाकलेल्या मानेशी शिणतो, बहुधा मागच्या चाकात, कॅसेटच्या बाजूला. त्याच बाजूचे स्पोक बोटानं छेडून बघा. एखादा बद्द वाजला तर तो ढिला आहे. मिस्त्रीकडून चाकाचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढून घ्या.

आणि पडलात, तर खरचटलेलं कोपर बघून झाल्यावर फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा चिमटा, तोही बघा. २००६ च्या पॅरिस-रूबेत अमेरिकेचा जॉर्ज हिंकापी आधी एकदा पडला होता. पुन्हा सायकलवर बसला, आणि पुढे भर वेगात फोर्कचा दांडा तुटून हँडल सुटं झालं. तो दांडा हेडट्यूबच्या, म्हणजे फ्रेमच्या पुढच्या उभ्या नळीच्या, आत लपलेला असतो, तडा बाहेरून दिसत नाही. जोरात पडला असाल तर फोर्क उतरवून बघायला सांगा.